भाच्याच्या हातात पाय

बीड,
मे महिन्यातला पहिला बुधवार

प्रिय स्वप्नाली,

उशीर झाला असं लिहिणार नाही. उशीर झाला म्हटलं की वाटतं एसटी बंद पडली, पूल वाहून गेला. उशीर मी केला. होळीनंतर लगेच तुला लिहायचं ठरवलं होतं. वही आणली, पेन आणलं, पहिल्या पानावर तुझं नाव टाकलं आणि दोन दिवसांनी बघतो तर त्याच पानावर मी कुणाच्या तरी टाचेचं माप लिहून ठेवलेलं. दुसऱ्यांदा बसलो तर लाईट गेली. लाईट दहा मिनिटांत परत आली, मी आलो नाही. आज तिसरी खेप. फोन करायला काय झालं होतं रे हनम्या, असं तू म्हणशील. फोनवर तू "जेवलास का" विचारतेस, मग मी काय जेवलो, कुठं जेवलो, तिथला वाढपी गिऱ्हाइकाशी कसा भांडला हे सांगत बसतो, तेवढ्यात तुझी संस्कृती रडायला लागते आणि तू फोन ठेवतेस. व्हॉट्सॲपवर तीनदा आवाज भरून पाठवला आणि तू ऐकायच्या आत पुसला. काय पुसलंस, असं तू विचारलं होतंस. चुकून गेलं, म्हणालो. चुकून गेलं नव्हतं, सपे.

मी अजून बीडमध्येच आहे, हेच आधी नवल. बोअरवेलच्या गाडीवर पार तमिळनाडूपर्यंत गेलतो तेव्हा सात महिने टिकलो, डीजेच्या गाडीवर एक लग्नसराई, मोबाईलच्या दुकानात तर दिवाळीसुद्धा बघितली नाही. पण मोहनरावांच्या कारखान्यात आता दीड वर्ष होत आलं. कारखाना म्हणजे काय, स्टँडापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर एक पत्र्याची लांबट खोली. इथं लहान पोरांच्या पायाला बांधायचे कॅलिपर होतात, नकली पाय होतात, आणि पायाच्या मापाचे सोल होतात. मोहनराव मालक, तेच कारागीर. मी आधी रबर कापायला होतो, मग घासायला, मग साचे ओतायला. सोल म्हणजे तुला वाटत असेल दुकानात मिळते तसली बुटात टाकायची गादी. तसं नाही. माणसाला खुर्चीवर बसवायचं, त्याचा पाय मांडीवर घ्यायचा आणि अंगठ्यानं सगळा तळवा चाचपायचा. कुठं घट्टा, कुठं हाड टोचतंय, कुठली बोटं वाकलीत. मग एक फोमची पेटी असते, त्या फोमवर आपण हातानं त्याचा पाय दाबायचा. वाळूत पाऊल उमटावं तसा ठसा उमटतो. त्यात प्लास्टर ओतलं की त्या माणसाचा पाय आपल्या फळीवर. त्या पायावर मऊ रबर तापवून बसवायचं. मोहनरावांचं एकच पालुपद असतं, "आधी हात, मग डोळा, मग साचा." आणि दुसरं म्हणजे, "सोलनं वजन कमी होत न्हाई, वाटून जातं."

ते खरंच वाटून जातं गं. चौसाळ्याच्या विजयमालाबाई म्हणून एक शिक्षिका आहेत. टाच दुखायची, सकाळी उठल्यावर भिंत धरून चालायच्या, वर्गात खुर्ची सोडवत नव्हती. त्यांचे सोल मी केले. म्हणजे मोहनरावांनी केले, मी घासले. महिन्याभरानं बाई आल्या त्या दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बघा, कुठंच धरलेलं न्हाई." दोन्ही हात वर करून दाखवले. सपे, मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी असं केलं होतं की ज्यानं कुणी हात वर केले. त्या दिवशी मला वाटलं, आता आपण कुठं जात नाही. आणि त्याच दिवशी मला मामाचे, तुझ्या अप्पांचे, पाय आठवले.

त्याच्या आधी सुरजचं सांगतो, नाहीतर विसरीन. वडवणीचा पोरगा, पोलीस भरतीची तयारी करतोय. पळण्यात एक नंबर, पण तळपाय सपाट, ओल्या पायानं फरशीवर उभा राहिला तर अख्खी वीट उमटल्यासारखं पाऊल. मेडिकलला सपाट पाय चालत नाही. कुणीतरी त्याला सांगितलं की सोल घातला की पायाला कमान येते. आला आणि म्हणाला, "दोन महिन्यांत कमान पाहिजे." मोहनरावांनी त्याला सोल घालून उभं केलं, कमान आली. पळून ये म्हणाले, पळून आला, गुडघा दुखला नाही म्हणाला. मग म्हणाले, "आता काढ." काढला. पाऊल परत वीट. "मेडिकलला बूट घालून उभं करत न्हाईत बे," मोहनराव म्हणाले. पोरगं सोल परत पायाखाली सरकवून कमान बघायला लागलं. सोल पायाखाली आहे तोवर आहे. पाय तो बदलत नाही. हे मी तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. तरी मला सोल म्हणजे देव वाटायला लागला होता.

तर मामाचे पाय. तुला तलवाड्याचा तो बाजार आठवतो का, तुझ्या लग्नाच्या आधीचा? मामा पुढं, आपण मागं, आणि मेथीवाली चप्पल हातात घेऊन ओरडत पळत येतेय, "आश्रुबा, पाय घरी ठिवून आलास का?" मामाच्या एका पायातली चप्पल मागंच निसटून पडली होती आणि ते पन्नास पावलं तसेच चालत आले होते. आपण किती हसलो. मामा पण हसले. तू चिडवायला लागलीस की अप्पांचं ध्यान बाजारात न्हाई, सप्त्याच्या कढईत हाय. ते ध्यान नव्हतं, ती रक्तातली साखर होती. बारा वर्षांची साखर. पायाला कळणंच बंद झालं होतं. हे मला मोहनरावांनी इथं आल्यावर सांगितलं. अशा माणसाला खडा टोचला तरी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही, आणि चप्पल कुणाची आहे तेही कळत नाही. शेवटचं मोहनरावांनी सांगितलं नव्हतं. ते मी शिकलो.

मागच्या दत्तजयंतीचा सप्ता उठला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फोमची पेटी घेऊन तलवाड्याला गेलो. लई मोठ्या तोऱ्यात गेलतो. मामा ओट्यावर बसले होते, सात दिवस पंगतीच्या कढईपुढं उभं राहून पाय सुजलेले. मी पाट मांडला, पेटी उघडली, खाली बसलो आणि मामाचा पाय घ्यायला हात पुढं केला. मामांनी साप दिसावा तसा पाय वर ओढला. "ऐ ऐ ऐ! खुळा झाला का काय? भाच्याच्या हातात पाय दिऊ व्हय?" मी म्हणालो, मामा, हे माझं काम आहे, दिवसाला दहा पाय हातात घेतो. "घे की. लोकाचे घे. मी तुझा मामा हाय." तुला माहीतच आहे. लहानपणी भाऊबीजेला आई मला ओवाळणीच्या ताटाजवळ उभं करायची आणि तुझे अप्पा, एवढा मोठा माणूस, वाकून माझ्या पायाला हात लावायचे, मी लाजून आईच्या पदरात शिरायचो आणि तू जीभ काढून दाखवायचीस. भाच्यानं मामाच्या पाया पडायचं नाही, मामानं भाच्याच्या पडायचं. मामी आतून म्हणाली, "हनुमंता, नगं बाबा. त्येंच्या डोक्यावर कशाला चढवतोस पाप?" मी म्हणालो, मग बीडला चला, मोहनराव घेतील माप. तर म्हणे, "भाचा घरात असून परक्याच्या दारात जाऊ? लोक काय म्हनतील?"

मग मामांनीच तोड काढली. ओट्याखालून चप्पल काढून माझ्यापुढं टाकली. "हिच्यात ठसा हायच की पायाचा. ही ने." मी उलटीपालटी करून बघितली. तळाला पायाचा काळा ठसा, बोटांचे खड्डे, टाचेचा खड्डा, सगळं स्वच्छ दिसत होतं. मला वाटलं, जमेल. तेवढ्यात माझा फोन वाजला, गेवराईच्या पोरांची टेनिस बॉलची मॅच होती, एक गडी कमी पडत होता. मी चप्पल पिशवीत टाकली आणि गेलो. त्या दिवशी एवढंच झालं. एवढंच नाही झालं, पण ते पुढं लिहितो.

मोहनराव तेव्हा आठवडाभर नागपूरला होते. मी चपलेवरून साचा ओतला. ठसा बाहेरच्या कडेला खोल होता. म्हटलं, मामा बाहेरच्या कडेवर भार देऊन चालतात. म्हणून ती कड मऊ केली आणि भार आत, अंगठ्याच्या मुळाकडं ढकलला. पुस्तकात बघावं तसं केलं. वर काळे पट्टे लावले, सँडलसारखे, आणि संक्रांतीला घेऊन गेलो. मामांनी काय केलं सांगू? ते सँडल आधी देवापुढं ठेवले. मामी म्हणाली, "अवो, पायातली वस्तू!" मामा म्हणाले, "भाच्यानं केल्याली हाय." मग पायात घातले ते घातलेच. मी म्हणालो होतो, घरात पण घाला, अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, तर मामांनी माझा शब्द झेलला. स्वयंपाकघरात घालून जायला लागले. मामीनं दोन दिवस अबोला धरला, चुलीपाशी पायताण आणता म्हणून. आपल्या घरात आजवर कुणी उंबऱ्याच्या आत चप्पल आणली नव्हती, आणि मामा सँडल घालून देवाला गंध लावत होते. गावभर दाखवत फिरले. "हे बगा, आमच्या हनुमंतानं केलं. आतून पायाच्या मापाचं हाय." लोक पण वाकून बघायचे.

शिवरात्रीच्या सकाळी मामी झाडत होती. तिला फरशीवर लाल ठिपके दिसले, दारापासून देवापर्यंत, एकाआड एक. तिला वाटलं कुंकवाची डबी सांडली. ओल्या फडक्यानं पुसून घेतले आणि पुन्हा मागं वळून बघितलं तर नवीन. मामा देवापुढं उभे होते आणि त्यांच्या उजव्या सँडलमधून ते ठिपके पडत होते. मामांना काहीच माहीत नव्हतं. आरती पुरी करूनच बसले म्हणे.

दवाखान्यातलं तुला माहीत आहे, तू आलीच होतीस. अंगठ्याच्या मुळाशी खड्डा, आत हाडापर्यंत. आधी अंगठा गेला, मग आठवड्यानं शेजारचं बोट. पण तू यायच्या आधीचं एक तुला माहीत नाही. डॉक्टरांनी विचारलं होतं, असं कसं झालं, स्पेशल चप्पल घालत होते ना? मामा कॉटवर होते, मामी दाराशी, मी पायथ्याशी. आणि मी म्हणालो, "ऐकत न्हाईत, साहेब. अनवाणीच फिरतात." माझ्या तोंडातून ते कसं निघालं मला माहीत नाही. लई सहज निघालं. मामांनी माझ्याकडं बघितलं. एकदाच. मग डॉक्टरांकडं बघून मान हलवली. "व्हय. चुकलं माजं." मामीनं तोंड उघडलं होतं, मामांनी तिला हातानं थांबवलं. दुसऱ्या दिवशी तू नांदेडहून आलीस, पोरगी काखेत, आणि आल्या आल्या त्यांना बोललीस, "अप्पा, तुमी कधी कुणाचं ऐकनार हाव का न्हाई? त्यानं एवढं करून दिलं." ते तुझंही ऐकून घेत राहिले. मी बाहेर जाऊन चहा आणला. तीन कप. एक सांडला.

त्याच दिवशी दुपारी बंकट भेटायला आला होता. आपल्या गावातला बंकट, पाय आत घालून बाहेरच्या कडेवर चालतो, ज्याला सगळे खेकड्या म्हणतात. वॉर्डाच्या दारात त्यानं चप्पल काढली आणि आत गेला. मी चहा घेऊन येत होतो. त्या चपलेच्या पट्ट्यावर निळ्या नायलॉनचा दोरा होता. सपे, दोन दिवाळ्यांमागं मामांच्या चपलेचा पट्टा तुटला तेव्हा मीच तो शिवला होता, पतंगाच्या चक्रीला गुंडाळलेल्या दोऱ्यानं, आणि तू म्हणाली होतीस, "चप्पल शिवलीस का पतंग?" तोच दोरा. तीच माझी वेडीवाकडी गाठ. बंकट बाहेर आल्यावर मी विचारलं, ही कुठली? तो हसत म्हणाला, "सप्त्यात बदलली बघ. माजी आश्रुबानं नेली, त्येची मला ऱ्हायली." मी म्हणालो, मग माघारी कावून दिली न्हाई? "माघारी? देवाच्या दारात वहाण गेली म्हंजी पीडा गेली. माघारी मागितली तर पीडा बी माघारी येती. आन् मापात तर हाय." आणि गेला, बाहेरच्या कडेवर भार टाकत, फताक फताक.

म्हणजे मी बंकटच्या पायाचा सोल करून मामांना घातला होता. अंगठ्याच्या मुळाशी भार मीच नेऊन ठेवला होता, आणि मामांनी महिनाभर तो भार निमूट सोसला. सोसला कसला, कळलाच नाही. त्यांनी ऐकलं नसतं, अनवाणी फिरले असते, तर कदाचित अंगठा राहिला असता. मामांचं चुकलं ते एवढंच की त्यांनी माझं ऐकलं. आणि अजून एक आहे. त्या दिवशी ओट्यावर मी चप्पल हातात घेतली तेव्हा निळा दोरा दिसला नव्हता. म्हणजे, दोरा नाही हे मला दिसलं होतं. मनात आलं पण, की दोरा कुठं गेला. म्हटलं, मामांनी पुन्हा शिवून घेतली असेल. फोन वाजत होता. मॅच आम्ही जिंकलो.

मोहनरावांना मी होळीच्या आधी सगळं सांगितलं. मला वाटलं हाकलून देतील, दिलं असतं तर बरं झालं असतं, मी निघून गेलो असतो, जायची मला सवय आहे. त्यांनी हातातली कानस खाली ठेवली आणि म्हणाले, "साचा चुकला तर दुसरा करता येतो. मामाला सांगितलंस का?" तेव्हापासून रोज सकाळी शटर वर केलं की पहिला प्रश्न तोच. सांगितलंस का? आणि मी झाडू हातात घेतो.

आता तू म्हणशील, झालं ते झालं. झालेलं नाही, सपे, चालू आहे. उजव्या पायाला दवाखान्यातला कापडी बूट आहे, पण डाव्या पायात मामा अजून माझाच सँडल घालतात. जोडीतला दुसरा. तोही बंकटच्याच पायाचा. उजव्याची दोन बोटं गेल्यामुळं सगळा भार आता डाव्यावर येतो, आणि मामीनं फोटो पाठवलाय, डाव्या अंगठ्यामागं काळा घट्टा धरलाय, आत रक्त साकळल्यासारखा. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, डावा पाय फुटला तर बोटांवर भागणार नाही. मी मामीला फोन केला की ते सँडल काढून ठेवा. ती म्हणाली, "तूच सांग बाबा, त्ये झोपताना काढंनात." मामांना म्हणालो, मामा, ते जुनं झालं, काढा आता. "जुनं कशाचं? चार महिनं झालं. तू एवढ्या मेहनतीनं केलंस." मी म्हणालो, दुसरं करतो. "कर की. पर तवर हे ऱ्हाऊ दे." एक वाक्य बोललो असतो तर त्यांनी त्या क्षणी काढून फेकलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत येतं आणि मी विचारतो, मामा, जेवलात का.

आणि आता धोंड्याचा महिना येतोय. मामीचा निरोप आलाय, जावई आणि भाचा दोघांना एकाच दिवशी जेवायला बसवायचंय. म्हणजे तुझा नवरा आणि मी शेजारी शेजारी पाटावर, आणि मामा, अंगठा नसलेला पाय घेऊन, वाकून माझे पाय धुणार. मला ते जमणार नाही. मी पळून जाईन, तुला सांगून ठेवतो.

म्हणून हे पत्र आहे. सपे, तू धोंड्याची वाट बघू नको, त्याच्या आधी ये, जमलं तर ह्याच रविवारी. आल्या आल्या अप्पांच्या डाव्या पायातलं ते काढ. तू काढलंस तर ते काही म्हणणार नाहीत. मग त्यांना सांग, चूक तुमची नव्हती, हनम्याची होती, आणि डॉक्टरपुढं तो खोटं बोलला. माझ्यापुढं नको, मी नसताना सांग. तुझ्यापाशी एवढं मागायचं तोंड मला नाही, तू पण त्यांना माझ्याचमुळं बोललीस. नंतर त्यांना इथं घेऊन ये. मोहनरावांना ते पाय देत नाहीत, मला देत नाहीत, पण लेकीला देतील. तू मांडीवर धर, मी लांबून सांगीन कुठं दाबायचं, मोहनराव साचा घेतील. आणि हे पण आधीच सांगतो, नंतर मला बोलू नको. साचा बरोबर आला, सोल बरोबर झाला, तरी पायाला पुन्हा कळायला लागणार नाही. घट्टा आतून फुटलेला असला तर सोलचा उपयोगच नाही, आधी दवाखाना. आपण फक्त भार वाटू शकतो. मी तुला देव आणून देतोय असं समजू नको, तसं मी एकदा समजलो होतो.

इथं मी खाली माझं नाव लिहायला घेतलं होतं, आणि दारातून हाक आली, "हनुमंता, हायस का बाबा?"

सपे, मामा आलेत. एकटे. तलवाड्याहून एसटीनं, आणि स्टँडापासून चालत, भर दुपारी. हातात काठी, खांद्याला पिशवी, पिशवीत मामीनं दिलेल्या दशम्या. मी उठायच्या आत बाकावर बसले आणि म्हणाले, "तू येईनास, फोनवर धड बोलंनास. म्या म्हनलं, पाय दिला न्हाई म्हनून पोराला राग आला. घे बाबा, बघ. भाचा म्हनून न्हाई, डाक्टर म्हनून देतो. पाप लागलं तर माजं मी बगंन." आणि डावा पाय उचलून बाकावर ठेवला. पाय अनवाणी होता. मी विचारलं, मामा, डाव्या पायातलं कुठाय? त्यांनी खाली वाकून बघितलं. बाकाखाली काठी फिरवली. मग म्हणाले, "आता तर होतं की. गाडीतून उतरताना होतं."

बाहेर डांबर वितळतंय. मोहनरावांनी बादली आणली, पायावर साधं पाणी सोडलं आणि रिक्षा आणायला पळाले, म्हणाले, पाय खाली टेकू देऊ नको. तो आता माझ्या मांडीवर आहे, ओल्या फडक्यात. एका हातानं धरलाय आणि दुसऱ्यानं लिहितोय, म्हणून अक्षर असं. तळव्याला डांबर चिकटलंय, टाचेला मोठा फोड आलाय. घट्टा फुटलाय की नुसता पोळलाय ते मला कळत नाही, आणि मामांना तर नाहीच. ते दशमी सोडतायत माझ्यासाठी. सँडल कुठंतरी रस्त्यावर पडलाय. मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. रिक्षा आली की रिक्षात सांगीन असं आत्ता वाटतंय, पण तू माझ्यावर राहू नको, तू ये. मामा विचारतायत, काय लिहितोस एवढं. म्हणालो, सपीला पत्र. तर म्हणाले, "लिही तिला, पाय दावला म्हनावं. आता भाच्यानं हातात घेतलाय, आता काळजी न्हाई."

रिक्षाचा आवाज येतोय.

तुझाच,
हनम्या